मदत हवी आहे : सेवाग्रामच्या सहीखालची तारीख जुळत नाही

आमचे आबाजी आर्वी तालुक्यात मास्तर होते. माळ्यावरच्या पेटीत त्यांची सह्यांची वही सापडली. एका पानावर देवनागरीत 'मो. क. गांधी' अशी सही, खाली 'सेवाग्राम, मार्च १९४३'. पण ९ ऑगस्ट १९४२ पासून ६ मे १९४४ पर्यंत गांधीजी कैदेत होते, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये! सहीची शाई काळी, तारखेची निळी. म्हणजे तारीख मागाहून कुणीतरी घातली असावी, असं मला वाटतं. आबाजी तर तारखांच्या बाबतीत फार काटेकोर. सहीसाठी गांधीजी हरिजन निधीला पाच रुपये घेत. त्याच्या नोंदी किंवा पावत्या कुठे बघायला मिळतील? वर्धेकडं कुणाच्या घरी अशी सही असेल तर अक्षर ताडून बघायला फोटो टाकाल का?