गोचिडीची लाळ: फक्त फवारणीने भागेल का?

गोदाकाठ (धागाकर्ता):
सिन्नर, निफाड, दिंडोरीकडे गोठ्यात गोचिडीचा विषय निघाला की बोलणं दोनच गोष्टींवर येतं: रक्त किती पितात आणि औषध कोणतं मारायचं. मला वाटतं, जास्त घातक आहे ती त्यांची लाळ.

डास चावतो आणि उडतो. गोचीड कातडीत तोंड रुतवून कित्येक दिवस बसते. एवढा वेळ जनावराच्या शरीराला पत्ता लागू नये म्हणून ती सतत लाळ सोडते. त्यातली काही प्रथिनं रक्त गोठू देत नाहीत. काही हिस्टामिनला धरून ठेवतात, त्यामुळे खाज आणि सूज दबते. कुत्र्यांवरच्या तपकिरी गोचिडीत ‘इव्हासिन’ प्रथिनं सापडली आहेत. पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावणारे रासायनिक संदेश ती अडवतात. अमेरिकेतल्या हरणांवरच्या गोचिडीतलं ‘साल्प १५’ तर थेट टी-पेशींना (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) चिकटून त्यांना सुस्त करतं. चाव्याच्या जागी प्रतिकार असा ढिला पडला की रोगजंतूंना आत शिरायला मोकळं रान.

म्हणून फवारणीइतकंच लक्ष लाळेविरुद्धच्या लसीकडे आणि गोचिडीला सहजी न बधणाऱ्या देशी जातींकडे द्यायला हवं.

दूधवाला_निफाड:
दादा, अभ्यास चांगला आहे, पण मला पटत नाही. एचएफ (होल्स्टीन, जास्त दुधाची विदेशी जात) गाय तापाने फणफणली, खांद्यापुढची गाठ सुजली, की डॉक्टर थायलेरिया, म्हणजे गोचिडीतून येणारा आजार, सांगतात आणि बुपारव्हाक्वोनचं इंजेक्शन देतात. तेव्हा लाळेत काय असतं हे कळून माझी गाय उठत नाही. थायलेरियावर लस आपल्याकडे मिळते. संकरित वासरांना ती वेळेवर टोचा, गोठा फवारा. हातात आहे ते आधी करू.

पशुवैद्यक_विद्यार्थिनी:
दादा, ती लस त्या एका रोगाची. उद्या गोचिडीतूनच येणारा दुसरा आजार, बॅबेसिया, आला तर ती कामाची नाही. गोचीडच नीट चिकटू शकली नाही तर बरेच रोग एकदम आटोक्यात येतील. १९३९ साली विल्यम ट्रेगर यांनी दाखवलं होतं की एकदा गोचिडी चावून गेलेल्या गिनीपिगवर पुढच्या गोचिडींना नीट पोट भरता येत नाही. म्हणजे शरीर लाळेला ओळखायला शिकतं. २०२१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्याच हरणांवरच्या गोचिडीच्या लाळेतल्या १९ प्रथिनांवर एमआरएनए लस (शरीराला ती प्रथिनं स्वतः बनवायला लावणारी) करून गिनीपिगना दिली. चावल्याजागी लगेच लाली आली आणि गोचिडी लवकर गळाल्या.

शंकेखोर_पंचवटी:
ताई, अर्धीच गोष्ट सांगितलीत. तीच लस उंदरांत चालली नाही. उंदीर हा त्या गोचिडीचा नेहमीचा यजमान, त्याच्या प्रतिकाराला चकवायला तिची लाळ पिढ्यान्‌पिढ्या सरावलेली. गिनीपिग तिला परका. आता गायीवरची गोचीड गायीला सरावलेली असणारच. मग गिनीपिगचा निकाल गायीला कसा लावता? बाजारात आलेली गोचिडीविरुद्धची लस, ऑस्ट्रेलियात १९९४ची, तीही लाळेवर नव्हती. ती गोचिडीच्या आतड्यातल्या ‘बीएम ८६’ प्रथिनावर होती.

पशुवैद्यक_विद्यार्थिनी:
उंदरांचा मुद्दा बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण आतड्यावरच्या लसीची अडचणही बघा. ते प्रथिन चावताना गायीच्या शरीरात येतच नाही, म्हणून प्रतिपिंडं ओसरतात आणि पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. लाळेवरची लस जमली तर प्रत्येक चावा आपोआप पुढचा डोस ठरू शकतो.

घोटीचा_डांगीवाला:
आमच्या इगतपुरी भागात डांगी या देशी गायीवर गोचीड बसते, पण एचएफसारखी कातडी भरून जात नाही. देशी गायींचं शरीर चाव्याला जास्त जोमाने उत्तर देतं, हे संशोधकही सांगतात. अशी जनावरं दारात असताना लशीची वाट का बघायची?

दूधवाला_निफाड:
भाऊ, डांगी पावसाला, चिखलाला, बैलकामाला एक नंबर. पण डेअरीत दूध घालून माझं घर चालतं, ते तिच्या दुधावर कसं चालवू?

गोदाकाठ:
निफाडकर दादा, गोठा फवारा म्हणालात ते योग्यच. पण बरेच जण औषध फक्त गायीच्या अंगावर मारतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली हजारो अंडी घालते. तिथे हात पोचत नाही. तेच ते डेल्टामेथ्रिन, तेच अमिट्राझ वर्षानुवर्षं वापरलं की गोचिडी त्यालाही दाद देईनाशा होतात. मग डोस वाढवायचा, आणि ते औषध दुधात उतरण्याचा धोका घ्यायचा. शंकेखोरांचं गिनीपिगबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे, म्हणून तर चाचण्या गायींवर व्हाव्यात. त्याही आपल्याकडच्या गोचिडींवर, डांगी आणि संकरित शेजारी बांधून.