'गुंता', 'गुंफण' की सरळ 'एन्टॅन्गलमेंट'?

विचारणा
सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलास प्रयोगावर बारावीच्या मुलांसाठी लेख लिहितोय. टॉप क्वार्क (एक जड मूलकण) आणि त्याचा प्रतिक्वार्क यांच्या जोडीत एन्टॅन्गलमेंट, म्हणजे दोघांची मिळून एकच अवस्था असणं, दिसल्याचं त्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, २०२४ मध्ये ते 'नेचर'मध्ये आलं. 'क्वांटम गुंतवणूक' लिहिलं तर मुलं म्युच्युअल फंड शोधायला लागतील. 'गुंता' चालेल? आणि दोघांत मिळून असलेल्या माहितीला, म्हणजे डिस्ट्रिब्युटेड इन्फर्मेशनला, 'वितरित माहिती'?

प्रतिसाद
गुंता नको. गुंता झाला की तो सोडवायचा असतो, आणि त्यात गोंधळ गृहीत असतो. इथे जोडीची अवस्था अगदी चोख ठाऊक असू शकते. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने १९३५ मध्ये यासाठी 'फेर्श्रेंकुंग' हा शब्द वापरला. जर्मनमध्ये त्याच क्रियापदाने हाताची घडी घालतात (तोंडावर बोट मात्र आपलं). एकात एक अडकवलेलं, पण नीटनेटकं. त्याला 'गुंफण' जवळचा.

प्रतिसाद
गुंफणीला हरकत नाही. 'वितरित'ला आहे. माहितीशास्त्रातल्या स्लेपियन आणि वुल्फ यांच्या १९७३ च्या प्रमेयात तो शोभतो. दोन ठिकाणच्या, एकमेकींशी संबंध असलेल्या नोंदी वेगवेगळ्या दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवल्या आणि पलीकडे एकत्र उलगडल्या, तरी एकाच जागी बसून दाबल्या असत्या तितक्याच बिटांत काम भागतं. तिथे प्रत्येकाच्या हातात स्वतःचं काहीतरी असतं. पूर्ण गुंफलेल्या दोन क्यूबिटांचं (क्वांटम बिटांचं) तसं नाही. एकट्याकडे पाहा, एन्ट्रोपी (अनिश्चिततेचं माप) पुरी १ बिट, म्हणजे नुसती नाणेफेक. जोडीची एन्ट्रोपी मात्र शून्य. सगळी माहिती जोडीत, एकट्याकडे काहीच नाही. याला मी 'सामाईक' म्हणेन. सात-बारावर चार भावांची नावं असतात, पण वाटप होईपर्यंत हा तुकडा माझा असं कुणालाच म्हणता येत नाही, तसं.

प्रतिसाद
दादा, सात-बारा इथे फसवेल. वाटप होण्याआधीही जमीन जागच्या जागी असते, विहीर कुठे आणि बांध कुठे हे ठरलेलं असतं. भौतिकशास्त्रज्ञ बेलने १९६४ मध्ये दाखवलं की उत्तरं मोजण्याआधीच कणांपाशी ठरलेली असती आणि दूरच्या मोजणीचा त्यांच्यावर परिणाम होत नसता, तर त्यांच्यातला संबंध एका मर्यादेपलीकडे गेला नसता. प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली जाते. २०२२ चं नोबेल अ‍ॅस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना याच कामासाठी मिळालं. शिवाय 'सामाईक माहिती' लिहिलंत की म्युच्युअल इन्फर्मेशनशी (दोघांतला संबंध किती, याचं माप) घोळ होणार. ती तर इथे २ बिट भरते (दोघांच्या एन्ट्रोपी वजा जोडीची: १ + १ − ०). साध्या दोन बिटांत १ च्या वर जातच नाही. तिला 'परस्पर माहिती' म्हणा, आणि तुम्ही जिला 'सामाईक' म्हणताय तिला सरळ 'जोडीतली माहिती'.

विचारणा करणारा
'जोडीतली माहिती' आवडलं. स्पिनला (कणाच्या अंगच्या कोनीय संवेगाला) 'फिरकी' लिहू का?

प्रतिसाद
नका हो! मुलांना अश्विन आठवेल, आणि मराठीत फिरकी घेतात ती वेगळीच. कण भोवऱ्यासारखा फिरत नसतोच, स्पिन राहू द्या. त्यापेक्षा तो मोजला कसा हे सांगा, खरी गंमत तिथे आहे. टॉप क्वार्क १०⁻²⁴ सेकंदसुद्धा टिकत नाही. इतर क्वार्कांसारखा हॅड्रॉनमध्ये (क्वार्कांच्या जुडग्यात) बांधला जाण्याआधीच फुटतो, म्हणून त्याच्या स्पिनची खूण त्यातून निघालेल्या लेप्टॉनच्या (इलेक्ट्रॉन किंवा म्युऑनच्या) दिशेत शाबूत राहते. दोन्ही बाजूंच्या लेप्टॉनांच्या दिशा आपापला टॉप स्थिर दिसेल अशा चौकटीत नेऊन त्यांतला कोन काढायचा आणि त्यावरून डी ही गुंफण ओळखायची संख्या. ती −१/३ च्या खाली गेली तर गुंफण नक्की. जेमतेम जोडी तयार होण्याइतकीच ऊर्जा असलेल्या टकरींत अ‍ॅटलासला −०.५३७ मिळाली. फक्त याला 'बेलची मर्यादा मोडली' असं लिहू नका. ती कसोटी जास्त कडक आहे आणि या मोजमापाने तसा दावा केलेला नाही.

विचारणा करणारा
बरं झालं सांगितलंत, मथळ्यात तेच टाकणार होतो. मग पहिल्यांदा 'गुंफण, म्हणजे एन्टॅन्गलमेंट' असं लिहितो, पुढे नुसतं गुंफण. 'वितरित' फक्त स्लेपियन-वुल्फच्या चौकोनात ठेवतो.