सल्ला हवा: बास वाजला की हेडलाइट मंद होतात, कपॅसिटर कसा जोडू?

बोरिवलीचा_बास
मंडळी, गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक. डिकीत १२ इंची सब (सबवूफर, म्हणजे फक्त बासचा स्पीकर) आणि ५०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारी ताकद) क्लास डी मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा अँप बसवून घेतलाय. रात्री हायवेला सिग्नलवर उभा असलो की बासच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात. आणि चालत्या गाडीत आवाज चढवला की अँपचा लाल दिवा लागतो, सब गप्प. ज्याने बसवलं तो म्हणतो, वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर टाका, सगळं ओके होईल. १ फॅरडचा (फॅरड हे त्याच्या क्षमतेचं माप) घेऊन ठेवलाय, पण परत त्याच्याकडे जायची इच्छा नाही. घरीच जोडेन म्हणतो. वायरिंग कसं करायचं? आणि चांगली केबल कुठे मिळेल?

पाना_पक्कड
कपॅसिटर परत करा, त्या पैशात बॅटरी बदला. विषय संपला.

दादरचा_वायरमन
थांबा, एवढ्यात संपत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत. हेडलाइटचा करंट अँपच्या केबलमधून जात नाही, त्यामुळे ते मंद होतात म्हणजे खुद्द बॅटरीवर व्होल्टेज पडतंय. अँप बंद पडतो त्याचं मूळ मात्र केबलमध्ये किंवा अर्थमध्ये (अँपचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडतात तो सांधा) असायची दाट शक्यता.

कपॅसिटरचं गणित सांगतो. १ फॅरडचा कपॅसिटर १४.४ व्होल्टवरून १२.४ पर्यंत उतरताना जेमतेम २७ ज्यूल देतो. तुमचा अँप पूर्ण ताकदीने वाजताना गाडीकडून सव्वासहाशे वॉट ओढणार, म्हणजे पंचेचाळीस अँपिअरच्या आसपास. सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतच माल खलास. किक ड्रमच्या ठोक्याची सुरुवात तो सांभाळेल. लांबलचक बास आला की तो स्वतःच भिकारी, उलट बॅटरीकडेच मागणार.

आधी मोजा. साधा मल्टिमीटर चालेल. ५० हर्ट्झचा टोन थोडाच वेळ वाजवा, गाण्यावर आकडा स्थिर राहत नाही. (दुपारी करा, नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी मोजमाप घ्यायला येईल.) एसी आणि हेडलाइट चालू ठेवून बॅटरीवर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) किती, २००० आरपीएमला किती. मग त्याच २००० वर अँपच्या टर्मिनलवर किती. शेवटी बॅटरीच्या मायनसपासून अँपच्या मायनसपर्यंत किती. हा शेवटचा आकडा कोणी घेत नाही आणि खरा चोर तिथेच सापडतो.

कुर्ला_डेपो
केबलसाठी कुर्ला-कालिन्याचा सीएसटी रोड, नाहीतर ऑपेरा हाऊसची अॅक्सेसरीजची दुकानं. फ्यूज होल्डर, लग (केबलच्या टोकाला लावायचं धातूचं कडं), मीटर हे लॅमिंग्टन रोडला घ्या. पाकिटावरच्या "४ गेज"वर (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा लहान तितकी तार जाड) जाऊ नका, जाड रबरात बारीक तार भरलेली असते. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर ती सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त. वरून चंदेरी आणि आतून लालसर असेल तर मात्र हरकत नाही, ते कथिल चढवलेलं तांबं असतं.

बोरिवलीचा_बास
मोजलं. टोन चालू असताना बॅटरीवर आयडलला १२.२, टोन बंद केला की १३.१. २००० आरपीएमला टोनसकट १३.७. तेव्हा अँपवर ११.३! मायनस ते मायनस १.६. केबल खरवडली, आतून चंदेरीच. ८ गेजची निघाली.

दादरचा_वायरमन
झालं तर मग. २.४ व्होल्ट वाटेत गायब, त्यातले १.६ एकट्या अर्थमध्ये. अर्थ कुठे मारलाय?

बोरिवलीचा_बास
मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला. खाली रंग तसाच आहे, वर थोडा गंजही.

दादरचा_वायरमन
पट्ट्याच्या बोल्टला अर्थ कधीच नको. तो जीव वाचवायला असतो, त्याच्याखाली लग सरकवायचा नाही. डिकीत बॉडीचा जाड पत्रा शोधा, नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, क्रिम्प केलेला (केबलवर दाबून बसवलेला) लग, खरखरीत वॉशर, नट-बोल्ट, वरून ग्रीस. आपल्या पावसात उघडा पत्रा दोन महिन्यांत तांबडा होतो. ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा, मागच्या सीटखाली बहुतेक गाड्यांत पेट्रोलची टाकी असते.

केबल ४ गेज तांब्याची. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, अँपवरच्या फ्यूजांच्या बेरजेइतका, केबल झेपेल त्याहून मोठा कधीच नाही. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) नेताना भोकात रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट हवाच. पत्र्याने केबल सोलली तर त्या फ्यूजशिवाय गाडी पेटते.

आता कपॅसिटर. घेतलाच आहे तर लावा, मात्र हे सगळं झाल्यावर. तो अँपला समांतर जोडायचा, अँपला जितका चिकटून तितका बरा. बॅटरीकडून आलेली प्लस केबल कपॅसिटरच्या प्लसवर, तिथून आखूड तुकडा अँपच्या प्लसवर. दोघांचे मायनस एकाच अर्थ पॉइंटला. प्लस-मायनस उलटं झालं तर कपॅसिटर फुटू शकतो.

रिकामा कपॅसिटर थेट प्लसवर टेकवू नका. ठिणगी उडेल, फ्यूजही जाईल. आधी मायनस जोडा, मग प्लस केबल आणि कपॅसिटरचा प्लस यांच्यामध्ये ३० ओहमचा, १० वॉटचा रेझिस्टर धरा. तो तापतो, पकडीने धरा. रेझिस्टर नसेल तर इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब. आधी लख्ख पेटेल, हळूहळू विझेल, विझला की भरला. काढताना आधी मेन फ्यूज काढा आणि त्याच बल्बने दोन टर्मिनल जोडून तो रिकामा करा. पेचकस आडवा टाकून शौर्य दाखवू नका.

कुर्ला_डेपो
त्या रेझिस्टरने माल खरा की खोटा तेही कळतं. १२.६ व्होल्टच्या बॅटरीवर, ३० ओहममधून, १ फॅरडचा कपॅसिटर शून्यापासून ८ व्होल्टला पोचायला ३० सेकंद घेतो. १० सेकंदांत पोचला तर तो जेमतेम एक तृतीयांश फॅरडचा. बाजारात वर "२ फॅरड" छापलेले असले पुष्कळ फिरतात.

बोरिवलीचा_बास
अर्थ आणि केबल बदलली. आता अँपवर १३.३, लाल दिवा नाही. कपॅसिटर तपासला, २७ सेकंद लागले. जोडला. सिग्नलवर हेडलाइट अजून मंद होतात, पण पूर्वीइतके नाहीत.

दादरचा_वायरमन
२७ म्हणजे माल खरा आहे. उरलेलं आयडलचं दुखणं. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) आयडलला त्याच्या क्षमतेपेक्षा बराच कमी करंट देतो, त्यात एसी, पंखा, हेडलाइट. मुंबईत गाडी निम्मा वेळ आयडललाच. पाना_पक्कड बॅटरी बदला म्हणतात, तर आधी तिची लोड टेस्ट (भार टाकून तपासणी) करून घ्या, ती चांगली निघाली तर उगाच बदलू नका. बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी आणि अल्टरनेटर ते बॅटरी या तिन्ही वायरी जाड करा, शेवटच्या वायरीला फ्यूज लावून. बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर नवी वायर त्याच्या बॉडीकडच्या बाजूला. आणि अँपवरचा गेन (स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवायचा नॉब) थोडा खाली घ्या. तो आवाजाचा नॉब नाही.

बोरिवलीचा_बास
करतो. जुन्या ८ गेजचं काय करू?

पाना_पक्कड
फॉग लॅम्पला वापरा. फ्यूज १५ चा लावा मात्र.