मदत हवी आहे: फोंड्यात ब्लॅककरंटला थंडी कुठून द्यायची?

नमस्कार मंडळी. मामेभावाने हिमाचलहून ब्लॅककरंटचं झुडूप आणून दिलंय. फोंड्याला गच्चीवर कुंडीत आहे. पानं हिरवीगार, पण फुलाचं नाव नाही. याला हिवाळ्यात ७ अंशांखाली हजारभर तास लागतात, काही जातींना त्याहून जास्त. त्याशिवाय कळ्या नीट फुटत नाहीत. आपल्याकडे जानेवारीतली रात्रसुद्धा १९-२० अंशांची! बर्फ सोसणारं झाड आणि आमचा मे महिना, कसं जमायचं?

एक डोक्यात आलंय. डिसेंबरात पाणी कमी करायचं, पानं हातानं काढायची (इंडोनेशियात सफरचंदाची काढतात तशी) आणि कुंडी जुन्या फ्रीजमध्ये ४ अंशांवर आठ आठवडे ठेवायची. तास भरतात १३४४. पण आत पाणी किती द्यायचं? जास्त झालं तर मुळं कुजणार, अजिबात नाही दिलं तर सुकणार. आणि बाहेर काढल्यावर फेब्रुवारीचं ऊन एकदम सोसेल का, की आधी सावलीत ठेवू? फळ मुख्यतः मागच्या वर्षीच्या फांद्यांवर येतं, म्हणून छाटणी अजून केलेली नाही.

कोकणपट्टीत कुणी केलंय का असं काही? "त्यापेक्षा करवंद लाव" हे आई रोज ऐकवतेच, तेवढं सोडून सांगा.