सीव्हीत दोन लाटा वेगळ्या दिसल्या, म्हणजे इलेक्ट्रॉन दोन्ही धातूंत वाटला गेला का?

रुथेनियमवाली:
मंडळी, थोडी मदत हवी आहे. माझ्या रेणूत दोन रुथेनियम आहेत, मधे संयुग्मी ब्रिज, धातू ते धातू अंतर साधारण ९ अँग्स्ट्रॉम, आणि प्रत्येक रुथेनियमवर एक कार्बोनिल (CO गट). सीव्हीत (चक्रीय व्होल्टामेट्री, म्हणजे व्होल्टेज पुढेमागे फिरवून प्रवाह मोजणं) ऑक्सिडेशनच्या दोन लाटा ११० मिलिव्होल्टच्या फरकाने येतात. एक इलेक्ट्रॉन काढला की निअर आयआरमधे नवा पट्टा उगवतो. ॲसिटोनायट्राइलमधे शिखर १२५० नॅनोमीटरला, एप्सिलॉन (शोषणाची तीव्रता) १५००, अर्ध्या उंचीवरची रुंदी ४१०० प्रति सेंमी. डायक्लोरोमिथेनमधे शिखर १४३० ला सरकतं. आमच्या गटात एकजण ठामपणे म्हणतो की लाटा वेगळ्या झाल्या, म्हणजे हा रॉबिन-डे वर्ग तीन (इलेक्ट्रॉन दोन्ही धातूंवर सारखा पसरलेला; वर्ग दोनमधे तो एकावर अडकलेला असतो आणि उड्या मारतो). मला पटत नाही, पण खोडून काढायला मुद्देही नाहीत.

तळटीप:
क्रूट्झ-टाऊब आयनशी (दोन रुथेनियमचा, या विषयातला नमुना-रेणू) ताडून बघा. १९६९ पासून सगळे तेच करत आलेत. त्याचा पट्टा १५७० नॅनोमीटरच्या आसपास आहे, तुमच्यापासून फार लांब नाही.

जुना_स्पेक्ट्रोमीटर:
शिखराची जागा ताडून काही कळणार नाही, रुंदी ताडा. आणि त्याआधी आलेख तरंगसंख्येत काढा. तरंगलांबीत काढलेल्या आलेखावरून रुंदी मोजणारे लोक मला अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

१२५० नॅनोमीटर म्हणजे ८००० प्रति सेंमी. हशचा (अशा उड्यांच्या पट्ट्यांचा सिद्धांत मांडणारे नोएल हश) हिशोब असा: इलेक्ट्रॉन एका धातूवर अडकलेला असेल, तर खोलीच्या तापमानाला पट्ट्याची रुंदी म्हणजे २३१० गुणिले शिखराची तरंगसंख्या, याचं वर्गमूळ. तुमच्यासाठी ते जवळपास ४३०० येतं आणि मोजलेली रुंदी ४१०० आहे. जुळलंच म्हणा ना. क्रूट्झ-टाऊब आयनला हाच हिशोब लावला तर ३८०० च्या वर रुंदी यायला हवी. प्रत्यक्षात ती १४०० च्या आसपास आहे, आणि द्रावक बदलला तरी पट्टा जागचा फारसा हलत नाही. तुमचा मात्र १००० प्रति सेंमीने हलला. इलेक्ट्रॉन उडी मारतो तेव्हा भोवतालच्या द्रावकाला नव्याने जुळवून घ्यावं लागतं, त्याची किंमत त्या पट्ट्यात दिसते. भार आधीच दोन्हीकडे सारखा पसरलेला असता तर द्रावकाला फारसं काही करावं लागलं नसतं. म्हणजे वर्ग दोन.

आता तुमच्या गटातल्या त्या ठाम माणसाबद्दल. लाटांमधलं अंतर एवढंच सांगतं की मधली अवस्था किती टिकाऊ आहे. त्या टिकाऊपणात दोन धन भारांचं एकमेकांना ढकलणं येतं, आयनजोड्या येतात, द्रावक येतो. सहायक क्षारातला (द्रावणातून वीज वाहावी म्हणून घातलेला क्षार) ॲनायन बदलून मोठा आणि ढिला बांधणारा घ्या, तोच रेणू अंतर बदलून दाखवेल. रेणूतलं कपलिंग (दोन धातूंमधली इलेक्ट्रॉनिक जोडणी) काही क्षार बघून बदलत नाही.

पण त्या ११० मिलिव्होल्टांचा एक उपयोग आहे, तो सोडू नका. त्यातून समानुपातनाचा (पूर्ण क्षपित आणि पूर्ण ऑक्सिडाइज्ड रेणू मिळून मधली अवस्था बनण्याचा) स्थिरांक ७२ च्या आसपास येतो. म्हणजे निम्मं ऑक्सिडेशन झालं तेव्हा द्रावणातले ८१ टक्केच रेणू मिश्र-संयुजी (एकच इलेक्ट्रॉन काढलेले) होते, बाकीचे पूर्ण क्षपित किंवा पूर्ण ऑक्सिडाइज्ड. तेव्हा खरा एप्सिलॉन १८५० धरा. मग ०.०२०६ भागिले अंतर, गुणिले (एप्सिलॉन × शिखर × रुंदी) चं वर्गमूळ. कपलिंग ५६० प्रति सेंमीच्या घरात येतं. वर्ग तीन व्हायला त्याची दुप्पट किमान ८००० हवी होती!

रुथेनियमवाली:
हे आकडे गटाच्या बैठकीत फळ्यावरच लिहिते. पण मग आयआरमधे कार्बोनिलची दोन वेगळी पीक दिसायला हवीत ना? ईपीआरबद्दल (एकट्या इलेक्ट्रॉनचा वर्णपट) काय?

जुना_स्पेक्ट्रोमीटर:
दिसायला हवीत. उडीला लागणारा ऊर्जेचा अडथळा काढा: (८००० − ११२०) चा वर्ग भागिले ३२०००, म्हणजे साधारण १४८० प्रति सेंमी. त्यावरून उडीचा वेग सेकंदाला अब्ज ते दहा अब्ज. आयआरला दोन पीक एकत्र दिसण्यासाठी उड्या पिकोसेकंदाच्या आसपास लागतात. कुबियाक यांच्या गटाने १९९७ मधे रुथेनियमच्या तीन-तीन अणूंच्या समूहांच्या जोड्यांवर कार्बोनिलची पीक अशीच एकमेकांत मिसळताना दाखवली होती. तुमचा रेणू तितका चपळ नाही. मात्र एनएमआरला हाच रेणू सरासरी दिसेल, आणि ईपीआर कुठेतरी मधे अडकेल. त्यामुळे 'स्थानबद्ध' असं लिहाल तिथे कोणत्या उपकरणाने ते लिहा, नाहीतर परीक्षक विचारतीलच.

कार्बोनिल आणखी एका कामाला येतो. ऑक्सिडेशननंतर दोन्ही पीक थोडीशीच वर सरकली आणि ईपीआरमधे २.०० जवळ एकच अरुंद रेषा आली, तर इलेक्ट्रॉन ब्रिजमधून गेलाय. मग हशचा सगळा हिशोब बाजूला ठेवावा लागेल, कारण तो पट्टा धातूकडून धातूकडे जाणारा नसेलच. संयुग्मी ब्रिज असताना ही शंका आधी फेडा.

तळटीप:
ॲसिटोनायट्राइलमधे पट्ट्याची लांब तरंगलांबीकडची बाजू द्रावकाच्या ओव्हरटोनखाली (त्याच्या C–H कंपनांचे निअर आयआरमधले पट्टे) जात असेल. ड्यूटेरियमवालं घ्या.

जुना_स्पेक्ट्रोमीटर:
बरोबर. आणि थंड होणारा सेल मिळाला तर डायक्लोरोमिथेनमधे १९५ केल्व्हिनला एकदा बघा. २३१० हा आकडा तापमानाबरोबर घटतो, तिथे तो १५०० होतो. त्या द्रावकातलं शिखर ७००० प्रति सेंमी आहे, म्हणजे रुंदी ३२५० कडे उतरायला हवी. ब्रिजची उच्च कंपनं त्यात मिसळली असतील तर ती तितकी उतरणार नाही.