मदत हवी आहे : रक्तदाबाची वही ठेवण्यात काही अर्थ आहे का?

पारिजात : गेले चार महिने मी वडिलांचा रक्तदाब रोज घरी मोजून वहीत लिहितो आहे. कधी १२८ येतो, कधी १५६, आणि त्यावरून घरात वाद होतात. परवा डॉक्टरांनी दोन पाने चाळून वही परत केली, स्वतः मोजले आणि गोळी तीच ठेवली. हा खटाटोप चालू ठेवावा की सोडावा, एवढेच सांगावे.

ओसरी : वय किती, गोळी केव्हा घेतात, यंत्र दंडाचे की मनगटाचे, हे कळल्यावाचून काय सांगणार? शिवाय खालचा आकडा तुम्ही लिहिलेलाच नाही.

रानवाट : यंत्र कपाटात ठेवा. मी रोज दहा हजार पावले चालतो. रक्तदाब मोजण्याची गरज कधी भासली नाही.

ओसरी : उच्च रक्तदाब बहुधा लक्षणांवाचूनच असतो, त्यामुळे गरज भासण्याची वाट पाहू नये. आणि दहा हजारांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’ या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, वैद्यकातून नव्हे.

शुक्रतारा : साखरेचेही पाहा. आईची एचबीए१सी तपासणी केली की साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते.

पारिजात : साखरेचा प्रश्नच नाही. वय ७१, यंत्र मनगटाचे. सकाळी चहा झाल्यावर किंवा चक्कर आल्यासारखे वाटले की मोजतो. १५६ आला त्या दिवशी ते गॅस सिलिंडरवाल्याशी भांडून आत आले होते.

ओसरी : मग वहीत रक्तदाबापेक्षा चहा आणि भांडणच अधिक उतरले आहे. दंडाचे यंत्र घ्या. चहानंतर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसल्यावर, दंड हृदयाच्या पातळीत ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, असे सात दिवस करून पहिला दिवस वगळा आणि उरलेल्यांची सरासरी एका चिठ्ठीवर न्या. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असली तर ती चढी धरतात. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० असते. शेकडो सुटे आकडे डॉक्टर पाच मिनिटांत कसे वाचतील? एरवी रोज मोजू मात्र नका.

रानवाट : सात दिवस तरी कशाला? माणूस धास्तावतो.

पारिजात : रोजच्या वादापेक्षा सात दिवस परवडले. यंत्राच्या पट्ट्यासाठी दंडाचा घेर कुठे मोजायचा?

ओसरी : खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर.