मदत हवी आहे : दोरावरून वर चढायचं कुठे शिकायला मिळेल?

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्याचे. पुतणी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, चार वर्षं ट्रेकिंग आणि रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं) करते. आता डोक्यात गुहा शिरल्यात. जॉर्जियातल्या अबखाझिया भागातली व्हेर्योवकिना म्हणे सुमारे २,२०० मीटर खोल. म्हणजे आपला अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून मोजला तरी त्याच्या दुपटीहून जास्त, आणि तेही जमिनीच्या पोटात! २०१८ मध्ये तिथे आत पूर आला, तळाशी गेलेले लोक जीव मुठीत धरून वर आले. हे ऐकून वहिनींनी दोन दिवस अबोला धरला होता.

तिथे आत्ताच कोण पाठवतंय म्हणा! आधी मेघालय. आपला सह्याद्री बेसाल्टचा, पाण्यात विरघळत नाही. तशा गुहा मुख्यतः चुनखडीत होतात. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत तशी ३० किलोमीटरहून लांब गुहा आहे.

अडचण अशी, की उतरणं सगळे शिकवतात, लटकत्या दोरावरून वर येणं कोणी नाही. परसातल्या चिंचेला दोर बांधून ही उसन्या जुमारवर (दोर पकडून वर सरकायचं साधन) सराव करते. परवा पायाचा फास आखूड पडला, अर्धा तास तशीच लोंबकळत होती. शेवटी शिडी लावून उतरवली.

सातारा, सांगली किंवा पुण्याकडे हे नीट शिकवणारं कोणी माहीत आहे का? चेस्ट जुमार (छातीशी बांधायचा) नवाच घ्यावा की वापरलेला चालतो? मेघालयला कोरड्या दिवसांत कोणाबरोबर जाता येईल? स्वतः जाऊन आलेल्यांनी सांगितलं तर बरं.